रास्ना : आमराच्या गृहसंगोपनाचा इतिहास

रास्ना : (वांदा, शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलॅटा, आमर कुल). झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढणारी ही बहुवर्षायू अपिवनस्पती भारताच्या मैदानी व डोंगराळ प्रदेशांत सर्वत्र विखुरलेली आहे. वर्धा जिल्ह्यातील बोरच्या परिसरासारख्या कोरड्या पानझडी जंगलांत, तसेच गावांलगतच्या आंब्यांवर व मोहांवर ती आढळते. खोड लहान व चिवट. पाने दोन रांगांत, चामड्यासारखी, मधोमध दुमडलेली, सु. १५–२० सेंमी. लांब व टोकाशी कुरतडल्यासारखी असतात. उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी तिला फुलोरा येतो. फुले सुवासिक, सु. ४–५ सेंमी. व्यासाची असून पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची चौकड असते. ‘टेसेलॅटा’ या लॅटिन विशेषणाचा अर्थ चौकडीचा असाच आहे. फुलाची ओठासारखी पुढची पाकळी बहुधा जांभळी असते. मोठ्या फुलांच्या विदेशी आमरांपुढे ही वनस्पती साधी दिसते. परंतु अपिवनस्पती आमरे घरी कशी जगवावीत हे माणसाला उमगण्यास जो दीर्घ काळ लागला, त्याच्या इतिहासात तिचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

त्या इतिहासातील मूळ गोंधळ एका शब्दातच साठलेला दिसतो. अमरकोशात ‘वंदा’ या शब्दाला वृक्षादनी (झाड खाणारी) व वृक्षरुहा (झाडावर उगवणारी) असे पर्याय दिलेले आहेत. पहिला पर्याय बांडगुळाला लागू पडतो. कारण बांडगूळ ही जीवोपजीवी वनस्पती असून तिची शोषक मुळे आश्रय वृक्षाच्या सालीतून आत शिरतात व रस ओढून घेतात. दुसरा रास्नेला लागू पडतो. तिची मुळे सालीला केवळ चिकटून राहतात, आत शिरत नाहीत; झाडाकडून ती आधाराखेरीज काही घेत नाही. सामान्य व्यवहारात मात्र दोन्ही वनस्पतींना एकाच नावाने ओळखण्याची प्रथा पडली. मोहोर कमी आला की शेतकरी फांदीवरचे बांडगूळ खरवडतो, आणि त्याबरोबर निरुपद्रवी रास्नाही जमिनीवर येते. औषधी व्यापारातही असाच घोटाळा आहे. आयुर्वेदातील ‘रास्ना’ म्हणून बंगालकडे या आमराची मुळे वापरतात, दक्षिणेत कोष्टकुलिंजनाच्या जातीचे कंद वापरतात, तर उत्तर व पश्चिम भारतात प्लुचिया लँसिओलॅटा हे तिसरेच झुडूप चालते.

सर विल्यम जोन्स (१७४६–९४) यांनी कलकत्त्यास या वनस्पतीचे वर्णन तिच्या संस्कृत नावानेच केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये एशियाटिक रिसर्चेसच्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग (१७५१–१८१५) यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या सचित्र ग्रंथात तिला एपिडेंड्रम टेसेलॅटम हे नाव दिले. पुढे १८२० साली रॉबर्ट ब्राउन (१७७३–१८५८) यांनी जोन्स यांचा शब्द स्वीकारून व्हँडा ही प्रजाती स्थापिली. जगभरच्या फुलबाजारात आज लाखोंनी विकल्या जाणाऱ्या या प्रजातीचे नाव अशा रीतीने आपल्याकडच्या जुन्या कोशातून गेलेले आहे.

नाव गेले, पण वनस्पतीची राहणी कोणी पाहिली नाही. यूरोपीय उद्यानज्ञांनी झाडावरून आलेली आमरे प्रथम मातीत किंवा कुजणाऱ्या सालीत पुरली व कोंदट, तापविलेल्या काचगृहांत ठेवली. उष्ण कटिबंध म्हणजे सदैव उष्ण व सदैव ओला, ही त्यामागील समजूत होती. जॉन लिंडली (१७९९–१८६५) हे आमरांच्या वर्गीकरणातील थोर नाव; तथापि त्यांनीही १८३० मध्ये भरपूर उष्णता व दमट हवा यांचाच पुरस्कार केला. परिणामी हजारो झाडे कुजून गेली. चॅट्सवर्थ येथील उद्यानप्रमुख जोसेफ पॅक्स्टन (१८०३–६५) यांनी काचगृहात हवा खेळती ठेवून आणि निरनिराळ्या प्रदेशांतील जातींना निरनिराळे तापमान देऊन ही पद्धत पालटण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास नॅथॅनियल वॉर्ड (१७९१–१८६८) यांच्या बंद काचपेटीमुळे जहाजावरील लांबच्या प्रवासात झाडे जिवंत राहू लागली. मात्र त्यामुळे जंगलांतून होणारी लूटही सोपी झाली, हे येथे नोंदविले पाहिजे.

या संदर्भात जोसेफ हूकर (१८१७–१९११) यांनी खासी टेकड्यांविषयी लिहिलेला मजकूर विशेष महत्त्वाचा आहे. १८५० मध्ये तेथे त्यांना निळा व्हँडा खुरट्या ओकवृक्षांवर विपुल आढळला. मुळांभोवती शेवाळ नाही, वर दाट सावली नाही. झाड ऊन, पाऊस व वारा यांच्या पूर्ण माऱ्यात वाढलेले. मायदेशी मात्र हीच जात ओल्या शेवाळात व गुदमरत्या उष्णतेत ठेवली जाते, हा विरोध त्यांनी स्पष्ट मांडला. असे असूनही त्यांनी स्वतः क्यू उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरतील इतकी झाडे गोळा केली आणि त्यांपैकी थोडीच जिवंत पोहोचली. त्यांच्या माहितीवरून दुसऱ्या एका गृहस्थाने पाठविलेले एका हमालाचे ओझे, अगदी वाईट स्थितीत पोहोचूनही, ३०० पौंडांना विकले गेले. झाड काय मागते हे अचूक पाहणारा माणूसही ते उपटण्याचा मोह आवरू शकला नाही.

जंगलाऐवजी बीजापासून झाडे मिळविणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. आमराच्या एका बोंडात धुळीसारखी असंख्य बीजे असतात, पण त्यांत अन्नसाठा नसतो. नोएल बेर्नार (१८७४–१९११) या फ्रेंच शास्त्रज्ञांना १८९९ मध्ये असे दिसून आले की, विशिष्ट कवकाने प्रवेश केल्यावरच हे बीज अंकुरते. १९२२ मध्ये अमेरिकेतील ल्यूइस नड्सन (१८८४–१९५८) यांनी शर्करायुक्त पोषक माध्यमावर, कवकाशिवायच, बीजे रुजवून दाखविली. येथून आमर हा श्रीमंतांचा शौक न राहता मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आला. आज भारतीय रोपवाटिकांत मिळणारी मोठ्या निळ्या-जांभळ्या फुलांची व्हँडा ही अशी काचपात्रात वाढविलेली, पुष्कळदा थायलंडमधून आलेली संकरज रोपे असतात. सिंगापूरचे राष्ट्रीय पुष्प (१९८१) हेही १८९३ मध्ये वर्णिलेला एक व्हँडा संकरच होय. भारत सरकारने आमरांसाठी सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन केले.

महाराष्ट्रातील आमरांचा अभ्यास प्रामुख्याने सह्याद्रीचा झाला. ‘सीतेची वेणी’ या नावाने परिचित असलेले लोंबत्या फुलोऱ्याचे आमर तिकडील लोकांना जितके ठाऊक आहे, तितकी विदर्भात रास्ना ठाऊक नाही. याला राज्यकारभाराचा इतिहासही कारणीभूत आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यावरील वनस्पतिग्रंथ (१९०१–०८) वर्ध्यापर्यंत पोहोचत नाही. कारण १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा केलेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता व १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सांतापाव व कपाडिया यांचे मुंबईच्या आमरांवरील पुस्तक १९६६ सालचे. नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर उगेमुगे यांचा ग्रंथ १९८६ मध्ये, तर भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचा महाराष्ट्रातील एकदलिकितांवरील खंड १९९६ मध्ये निघाला.

वर्ध्यासारख्या हवामानात आमर घरी ठेवणाऱ्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. तापमान ४५° से.च्या आसपास जाते व उष्ण कोरडे वारे वाहतात. उलट वर्षाच्या सु. १,००० मिमी. पावसापैकी बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. रास्ना या चक्राला सरावलेली आहे. संकरज रोपे नाहीत. दोहोंच्या बाबतीत मुळांकडे पाहणे हाच उत्तम मार्ग होय. व्हँडाच्या वायवी मुळांवर मृत कोशिकांचे स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असता रुपेरी पांढरे दिसते आणि पाणी मिळताच काही क्षणांत हिरवट होते. मुळे पांढरी झाल्यावर पाणी द्यावे व तासाभरात ती पुन्हा सुकू लागतील इतकी हवा खेळू द्यावी. मातीच्या कुंडीत हे घडत नाही, म्हणूनच त्यात झाड कुजते. लाकडी पट्ट्यांची उघडी टोपली, तीत कोळशाचे व फुटक्या कवेलूंचे तुकडे, एवढे पुरे. पुष्कळ जण टोपली रिकामीच ठेवतात व तेही योग्यच आहे.

उन्हाळ्यात सकाळी व सूर्यास्तापूर्वी असे दोनदा मुळे भिजवितात. जाड पानांची व्हँडा आपली रंध्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेते, त्यामुळे तिला रात्रीची हवा कोरडी असणे अधिक जाचक होते. वैदर्भीय घरात वाळ्याची ताटी लावलेला कूलर असतोच. त्याच्या थेट झोतात नव्हे, पण त्याच खोलीच्या खिडकीबाहेर टोपली टांगल्यास झाड उन्हाळा बरा काढते. काळ्या खडकाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते व त्याचा पांढरा थर मुळांवर बसतो. साठविलेले पावसाचे पाणी त्याहून चांगले. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा सडण्याची भीती असते, म्हणून झाड किंचित तिरपे बांधतात. प्रकाशाबाबत अंगणातल्या सावलीचा मोह टाळावा लागतो. पाने गर्द हिरवी व लुसलुशीत दिसू लागली म्हणजे फुले येणार नाहीत असे समजावे. सकाळचे ऊन मिळालेले, पिवळसर झाक असलेले पानच फुलोरा देते.

रास्ना घरी आणण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न उरतो. बोर अभयारण्यातून (स्थापना १९७०, व्याघ्र प्रकल्प २०१४) कोणतीही वनस्पती परवानगीवाचून काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाविरुद्ध आहे. सर्व आमरे १९७३ च्या वॉशिंग्टन कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असून २०२२ च्या सुधारणेने तो करार भारतीय कायद्यात उतरला आहे. मात्र वादळाने पडलेल्या अथवा रस्तारुंदीसाठी तोडलेल्या आंब्याच्या फांद्यांबरोबर जी झाडे सरपणात जातात, ती मालकाच्या संमतीने उचलून परसातल्या झाडावर चढविता येतात. यासाठी खडबडीत सालीचा आंबा किंवा मोह निवडावा. पेरू व निलगिरी यांची साल सोलून निघते, त्यामुळे ती झाडे टाळावीत. मृगाच्या आधी, जुनी मुळे न मोडता, पूर्वेकडील बाजूस काथ्याने झाड घट्ट बांधतात. पाऊस सुरू झाल्यावर हिरव्या टोकांची नवी मुळे फुटतात व सालीला चिकटू लागतात. वर्षा-दोन वर्षांत काथ्या कुजून गळून पडतो. तोवर झाड स्वतःच्या मुळांवर उभे राहिलेले असते.