लिसियाचा नगरसंघ

हल्लींच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्राचीन काळीं लिसिया नांवाचा एक लहानसा डोंगरी मुलूख होता. इ. स. पूर्वीं १८८ मध्यें रोमनें तो ऱ्होड्सच्या ताब्यांत दिला. लिसियन लोकांनीं तें जूं कधींच मनापासून मानलें नाहीं, अखेर इ. स. पूर्वीं १६७ मध्यें रोमनेंच त्यांस स्वतंत्र म्हणून जाहीर केलें.

येथील शहरांनीं आपला एक संघ चालविला होता. त्याची घटना स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानें नमूद करून ठेविली आहे. संघांत २३ शहरांस मताधिकार असे. मोठ्या शहरास तीन मतें, मध्यमास दोन व लहानास एक. झांथस, पातारा, पिनारा, ऑलिंपस, मायरा व त्लॉस हीं सहा शहरें पहिल्या वर्गांत मोडत. ज्या प्रमाणांत मतें, त्याच प्रमाणांत कराचा बोजा. सभा ठरेल त्या शहरीं भरे. तेथें प्रथम संघाध्यक्षाची व मागाहून इतर अधिकाऱ्यांची निवड होई.

एवढें सांगून स्ट्रॅबो पुढें म्हणतो कीं, युद्ध, तह आणि मैत्री यांचा विचारही ही सभा पूर्वीं करीत असे. आतां मात्र त्या गोष्टी रोमच्या हातीं आहेत. संघाची खरी शोकांतिका या एका विधानांत सांठविलेली आहे.

रोमच्या यादवी युद्धांत, इ. स. पूर्वीं ४२ मध्यें, ब्रूटसनें झांथसला वेढा दिला. तेव्हां शरण जाण्यापेक्षां तेथील असंख्य नागरिकांनीं मरण पत्करलें. पुढें शहराशहरांतील भाऊबंदकीचें निमित्त करून सम्राट क्लॉडियसनें इ. स. ४३ मध्यें लिसिया रोमचा प्रांत केला. पाताऱ्यास सांपडलेल्या एका स्तंभलेखांत लिसियन लोकांनीं, बंडाळी व लुटारूपणा यांतून सोडविल्याबद्दल, त्याच क्लॉडियसचे आभार मानले आहेत!

तथापि रोमनें संघ मोडला नाहीं. इ. स. १४१ च्या सुमारास भूकंपानें लिसिया उद्ध्वस्त झाली, तेव्हां ऱ्होडियापोलिसच्या ओप्रामोआस या धनिकानें अनेक शहरांस उदार हस्तें द्रव्य दिलें. त्याच्या समाधीवर कोरलेल्या लेखांत या देणग्यांची आणि संघानें केलेल्या त्याच्या सन्मानांची नोंद आहे. याला स्वराज्य म्हणतां येणार नाहीं. पण संकटकाळीं शेजाऱ्याचें दुःख आपलें मानण्याची संवय या संघामुळें टिकली, हेंही खोटें नव्हे.

मतांचें व कराचें प्रमाण जुळविणारी ही घटना १७४८ मध्यें माँतेस्क्यूनें नमुनेदार ठरविली, आणि १७८७ मध्यें अमेरिकन संघराज्याचा पुरस्कार करतांना हॅमिल्टननें तिचाच दाखला दिला. घटना उत्तम असूनही लिसियाचें स्वातंत्र्य वांचलें नाहीं. शहरांतील आपसांतले कलह मिटविण्याचें काम जेव्हां परक्याकडे जातें, तेव्हां तो मोबदल्यांत काय मागतो, हें या संघाच्या इतिहासावरून शिकावें.