बातमीदारांची प्रयोगशाळा आणि तिचे बंद दार

१४ सप्टेंबर १९०८. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील कोलंबिया या गावी विद्यापीठाचे नवे सत्र सुरू झाले. पत्रकारितेच्या नव्या विद्यालयाचा तो पहिलाच दिवस. विद्यार्थ्यांची एकमेकांशी धड ओळखही झालेली नव्हती, आणि त्याच दिवशी त्यांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक छापून बाहेर पडला. नाव होते ‘युनिव्हर्सिटी मिझुरियन’.

महाविद्यालयीन वृत्तपत्र म्हटले की स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, वक्तृत्व मंडळ यांच्याच पंक्तीत त्याला बसवण्याची सवय आहे: अभ्यास सांभाळून उरलेल्या वेळात करावयाचा उपक्रम. कोलंबियात मात्र वृत्तपत्र हाच अभ्यास ठरला. हा धागा त्या निर्णयाचा आहे, आणि त्या निर्णयामुळे एका दाराला आलेल्या महत्त्वाचा.

प्रथम एक घोटाळा दूर करू. हे कोलंबिया म्हणजे न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ नव्हे. तिथल्या पत्रकारिता विद्यालयासाठी जोसेफ पुलित्झर यांनी १९०३ मध्येच २० लाख डॉलर देऊ केले होते. पण ते विद्यालय उघडले १९१२ मध्ये, पुलित्झर यांच्या निधनानंतर. मिझुरीतले कोलंबिया हे त्या काळी जेमतेम दहा हजार वस्तीचे गाव. पैसा न्यूयॉर्ककडे होता, शर्यत या गावाने जिंकली. (मिझुरीला ‘जगातील पहिले’ म्हणण्याची प्रथा आहे. पॅरिसमध्ये १८९९ पासूनच पत्रकारितेचे विद्यालय चालू होते, तेव्हा ते बिरूद जरा जपूनच वापरावे.)

विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता वॉल्टर विल्यम्स. त्यांनी महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीच चढलेली नव्हती. छापखान्यात उमेदवारी करून ते संपादकपदापर्यंत पोहोचले होते. पुढे १९३१ मध्ये हाच पदवीहीन मनुष्य त्या विद्यापीठाचा अध्यक्ष झाला!

मुरलेल्या संपादकांना हा सारा खटाटोप हास्यास्पद वाटे. बातमीदारी ही कचेरीत, उपसंपादकाच्या शिव्या खात शिकण्याची गोष्ट. ती फळ्यावर कशी शिकवणार? विल्यम्स यांनी हा आक्षेप खोडून काढला नाही, उलट तो मान्यच केला. बातमीदारी कचेरीत शिकायची असेल, तर वर्गाचीच कचेरी करू, असे त्यांचे उत्तर होते.

म्हणूनच ‘मिझुरियन’ हे विद्यापीठाच्या कुंपणातले पत्र नव्हते. विद्यार्थी गावातल्या बातम्या आणीत आणि अध्यापक संपादकाच्या खुर्चीत बसत. बातमी चुकली तर गुण जात, हे झालेच. पण ज्याच्याविषयी ती चुकली तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटण्याची शक्यताही असे. कोणत्याही परीक्षेत हे भय निर्माण करता येत नाही.

पत्र जाहिराती घेऊ लागले, तसे खाजगी वृत्तपत्रांचे मालक बिथरले. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या धंद्यात का उतरावे? तक्रार राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेली आणि या कामासाठी सरकारी निधी वापरण्यास मनाई झाली. तेव्हा ‘युनिव्हर्सिटी मिझुरियन असोसिएशन’ अशी वेगळी संस्था स्थापून पत्र चालू ठेवावे लागले. मालकांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. पण तिच्यातून एक गोष्ट नकळत सिद्ध झाली: विद्यार्थ्यांचे पत्र लुटुपुटुचे नव्हते. लुटुपुटुच्या पत्राची कोणी धास्ती घेत नाही.

याच सुमारास अन्य विद्यापीठांत विद्यार्थी आपापल्या संघटना उभारीत होते. एप्रिल १९०९ मध्ये इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात दहा तरुणांनी ‘सिग्मा डेल्टा काय’ स्थापन केली. आजची ‘सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स’ ती हीच. त्याच महिन्यात सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात सात तरुणींनी ‘थीटा सिग्मा फाय’ सुरू केली. दोन संघटना का लागल्या? कारण पहिलीत स्त्रियांना प्रवेश नव्हता, आणि तो मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. मिझुरीच्या वर्गात मुली सुरुवातीपासून होत्या. मेरी पॅक्स्टन ही १९१० मध्ये तिथून पदवी घेणारी पहिली स्त्री. मात्र नोकऱ्या जिथल्या ओळखींतून मिळत, त्या मंडळांची दारे मुलींना बंद होती.

मिझुरीच्या वर्गाला दुसरेही एक दार होते, आणि ते वर्णाचे होते.

ल्युसील ब्लुफर्ड ही कॅन्सस सिटीची कृष्णवर्णीय तरुणी. शाळेत असतानाच ती शालेय वृत्तपत्रात काम करू लागली. शेजारच्या कॅन्सस विद्यापीठात तिने पत्रकारितेची पदवी घेतली आणि तिथल्या ‘युनिव्हर्सिटी डेली कॅन्सन’ या विद्यार्थी-दैनिकातही उमेदवारी केली. १९३२ मध्ये पदवीधर झाल्यावर ती कृष्णवर्णीयांच्या ‘द कॉल’ या साप्ताहिकात रुजू झाली. १९३९ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी तिने मिझुरीकडे अर्ज धाडला, तेव्हा ती त्या साप्ताहिकाची व्यवस्थापकीय संपादक होती.

अर्ज टपालाने गेला. प्रवेश टपालाने मंजूर झाला. कागदावर वर्ण दिसत नाही. जानेवारीच्या अखेरीस ती नावनोंदणीच्या रांगेत प्रत्यक्ष उभी राहिली, तेव्हा तिला परत पाठवण्यात आले.

काळ लक्षात घेतला पाहिजे. अवघ्या दीड महिन्यापूर्वी, १२ डिसेंबर १९३८ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या दाव्यात याच विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला होता. गोऱ्यांसाठी राज्यात कायद्याचे शिक्षण असेल, तर कृष्णवर्णीयांनाही ते राज्यातच मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय. गेन्सचे वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनीच ब्लुफर्डचीही बाजू घेतली.

ब्लुफर्डने मात्र वकिलाआधी लेखणी उचलली. आपल्याला नाकारलेल्या प्रवेशाची हकीकत तिने स्वतःच ‘द कॉल’मध्ये लिहिली. रांगेतले गोरे विद्यार्थी तिच्याशी सौजन्याने वागले होते, हेही तिने नोंदवले. अडथळा रांगेत नव्हता, खिडकीपलीकडे होता. ज्या विद्यालयाने घटनास्थळी जाऊन बातमी आणण्याचा धडा घालून दिला, त्याच्याच दारातून तिने बातमी आणली!

तिने पुन्हा पुन्हा अर्ज केले. १९४१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल तिच्या विरोधात दिला: तिने आधी कृष्णवर्णीयांसाठीच्या लिंकन विद्यापीठाकडे मागणी करायला हवी होती. १९४२ मध्ये लिंकन विद्यापीठात घाईघाईने पत्रकारितेचा विभाग उघडला गेला. त्याच वर्षी मिझुरीने आपला पदव्युत्तर पत्रकारिता अभ्यासक्रमच बंद केला. कारण सांगितले गेले ते महायुद्धाचे.

येथे विल्यम्स यांच्या कल्पनेचे मोल उलट्या बाजूने कळते. व्याख्याने कुठेही देता येतात. त्यासाठी एक खोली आणि एक अध्यापक पुरतो. पण रोज छापले जाणारे, जाहिरात मिळवणारे, गावात वाचले जाणारे पत्र घाईघाईने उभे करता येत नाही. लिंकनमध्ये वर्ग निर्माण झाला. तीन दशकांची चालती कचेरी तिथे कोठून येणार?

मिझुरी विद्यापीठात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाले १९५० मध्ये. १९५३ मध्ये विद्यापीठाने केओएमयू ही व्यावसायिक दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली, आणि पत्रकारितेचे विद्यार्थी तिच्या वृत्तविभागात तयार होऊ लागले. ‘मिझुरियन’ पुढे ‘कोलंबिया मिझुरियन’ या नावाने निघत राहिले.

ब्लुफर्ड ‘द कॉल’मध्येच राहिली, संपादक झाली आणि कॅन्सस सिटीतील दुकाने, शाळा व घरे यांतील भेदभावावर कित्येक दशके लिहीत राहिली. १९८४ मध्ये त्याच पत्रकारिता विद्यालयाने तिला आपले सन्मानपदक दिले आणि १९८९ मध्ये विद्यापीठाने मानद डॉक्टरेट. पदक स्वीकारताना तिचे वय ७० च्या पुढे होते. ज्या अभ्यासक्रमासाठी तिने रांग धरली होती, त्याचा एकही तास तिने कधी केला नाही.