काजळी गाळणी, डीझेल वाहनांतील
डीझेल एंजिनाच्या निष्कास वायूंबरोबर बाहेर पडणारे काजळीचे सूक्ष्म कण अडवून धरणारे व काही काळाने ते आपल्यातच जाळून टाकणारे साधन. काही वाहनांत ही काजळी कमी तापमानास पेटावी म्हणून इंधनात सिरियमाच्या अथवा लोहाच्या संयुगांचा समावेशक द्रव मिसळतात. हा द्रव वेगळ्या टाकीत असतो व संपत आला की पुन्हा भरावा लागतो.

डीझेल एंजिनात हवा दाबून तापवितात व तीत इंधनाचा फवारा सोडतात. फवाऱ्याच्या थेंबांभोवती ऑक्सिजन अपुरा पडेल तेथे इंधन अर्धवट जळते आणि कार्बनाचे कण बनतात. रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालले. तेव्हापासून हा दोष त्याच्या पाठीशी आहे. प्रवासी मोटरगाडीत डीझेल एंजिन १९३६ मध्ये मर्सिडीझ-बेंझ कंपनीने आणले. महाराष्ट्रात पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्स या १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीमुळे ते शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. विजेच्या तारा पोहोचण्यापूर्वी खानदेशातील अनेक विहिरींवर पाणी उपसण्याचे काम तेल-एंजिनांनीच केले. काळा धूर ही एंजिन जोर लावीत असल्याची खूण मानली जाई. तिच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने कोणी पाहत नसे. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ यांनी धुराच्या घनतेस ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा घातली. परंतु ही कसोटी डोळ्यांना दिसणाऱ्या धुराची होती. फुप्फुसात खोलवर जाणारे कण त्याहून फार बारीक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डीझेलचा निष्कास मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला.

गाळणीचा मुख्य भाग म्हणजे सच्छिद्र मृत्तिकेचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक नलिकांचा ठोकळा. लगतच्या नलिकांची तोंडे आलटून पालटून बंद केलेली असल्यामुळे वायूला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावे लागते व काजळी मागे राहते. अडविणे सोपे, साचलेले नाहीसे करणे अवघड, ही या साधनाची मूळ अडचण होय. काजळी आपोआप जळण्यास सु. ५५०° ते ६००° से. तापमान लागते, गावात हळू चालणाऱ्या मोटरगाडीचा निष्कास बहुधा १५०° ते २५०° से. इतकाच तापतो. गाळणी तुंबली की एंजिन गुदमरते. साचलेला थर एकदम पेटला, तर मृत्तिका वितळते किंवा तडकते. मर्सिडीझ-बेंझने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या डीझेल गाड्यांना गाळणी बसविली होती. पण तिच्या तक्रारी वाढल्या आणि काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली.

समावेशक द्रवाची कल्पना या अडचणीतून पुढे आली. पेझो व सित्रोएन या गाड्या बनविणाऱ्या फ्रेंच उद्योगसमूहाने १९९९ मध्ये तिची घोषणा केली व २००० साली पेझो ६०७ या गाडीत ती प्रत्यक्षात आणली. तिच्यासाठी सिरियमाचा ‘इओलिस’ हा द्रव वापरला गेला. सिरियमाचे ऑक्साइड ऑक्सिजन सहज देते व सहज परत घेते. इंधनाबरोबर जळताना ते काजळीच्या कणाकणांत मिसळून जाते, त्यामुळे काजळी सु. ४५०° से. तापमानास पेटते. उरलेले अंतर एंजिनाचा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक भरून काढतो. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक वाढला की तो मुख्य फवाऱ्यानंतर थोडे जादा इंधन फवारून निष्कास तापवितो. काजळी जळून गाळणी मोकळी होण्याच्या या क्रियेस पुनर्जनन म्हणतात.

द्रव मिसळण्याची योजना मोठी मार्मिक आहे. इंधन टाकीचे झाकण उघडल्याचे एक संवेदक टिपतो, नियंत्रक पातळी तपासून नवे इंधन किती आले ते ठरवितो आणि त्या प्रमाणात छोटा पंप द्रव सोडतो. सुरुवातीच्या द्रवात हे प्रमाण इंधनाच्या दशलक्ष भागांत सिरियमाचे सु. २५ भाग असे होते. पहिल्या गाड्यांतील सु. ५ लिटरची टाकी सु. ८०,००० किमी. पुरत असे, पुढे सिरियम व लोह यांचा एकत्रित आणि त्यानंतर केवळ लोहाचा द्रव आला, टाकी लहान झाली आणि दोन भरणांमधील अंतरही वाढले. गाडी उचलून खालच्या टाकीत नळीवाटे द्रव भरतात. तो इंधनाच्या टाकीत थेट ओतावयाचा नसतो, तसेच एका पिढीच्या द्रवाऐवजी दुसऱ्या पिढीचा द्रव चालत नाही. भरल्यानंतर नियंत्रकातील मोजणी शून्यावर आणावी लागते. अन्यथा टाकी भरलेली असूनही इशाऱ्याचा दिवा विझत नाही. द्रव हायड्रोकार्बन विद्रावकात असल्याने हातमोजे घालणे आवश्यक असते. धातूचे ऑक्साइड मात्र जळत नाही. ते राख होऊन गाळणीतच राहते आणि शेवटी ती काढून धुवावी अथवा बदलावी लागते.

याच पेझो कंपनीची ३०९ ही गाडी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याण येथे प्रीमियर कंपनीच्या भागीदारीत तयार होत असे. गाळणी निघाली तेव्हा ती भागीदारी फिसकटली होती. आणि ती टिकली असती, तरी गाळणी येथे निभावली असती असे वाटत नाही. त्या वेळच्या भारतीय डीझेलात गंधकाचे प्रमाण फार होते. गंधक उत्प्रेरकास निकामी करते व स्वतःही सल्फेटाचे कण निर्माण करते. गाळणीचा भारतातील इतिहास म्हणूनच मुख्यत्वे गंधक काढण्याचा इतिहास आहे. भारत टप्पा ४ चे, दशलक्षांत ५० भाग गंधकाचे डीझेल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर इ. तेरा शहरांत आले. उरलेल्या देशास त्यासाठी १ एप्रिल २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाट पाहावी लागली. भारत टप्पा ६ मात्र १ एप्रिल २०२० रोजी सर्वत्र एकाच वेळी लागू झाला. गंधकाची मर्यादा १० भाग झाली, तर डीझेल मोटरगाडीच्या कणद्रव्याची मर्यादा दर किमी.स २५ मिग्रॅ. वरून ४·५ मिग्रॅ. वर आली आणि कणांची संख्याही मोजली जाऊ लागली. गाळणीवाचून हे अंक गाठता येत नसल्याने ती डीझेल गाड्यांत सर्रास आली. खर्च वाढला व मारुती सुझुकीने त्याच वेळी डीझेल गाड्या बनविणे सोडले.

भारतीय गाड्यांतील गाळणीवर बहुधा प्लॅटिनमासारख्या धातूचा उत्प्रेरक लेप असतो; तिला समावेशक द्रव लागत नाही. येथे अनेक गाड्यांत भरतात तो द्रव म्हणजे ३२·५ टक्के यूरियाचा जलीय विद्राव. त्याचे काम काजळीशी नसून नायट्रोजनाच्या ऑक्साइडांशी आहे. दोन्ही द्रवांना लोक एकाच नावाने ओळखतात, यातून घोटाळे होतात. यूरियाचा विद्राव डीझेलच्या टाकीत पडल्यास पंप व फवारे निकामी होतात. यूरोपात हा विद्राव -११° से. ला गोठण्याची चिंता असते; खानदेशात चिंता उलट आहे. ३५° से. तापमानात तो सु. सहा महिनेच टिकतो आणि जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५° से.पर्यंत चढतो. दुकानाबाहेर उन्हात मांडलेले डबे घेणे म्हणूनच धोक्याचे.

बोदवड हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव कापसाच्या व्यापारासाठी ओळखले जाते. अशा गावातील गाडी घर, बाजार, शेत असे दोन-चार किमी.चे फेरे घालते. पुनर्जननास मात्र पंधरा-वीस मिनिटे एका गतीने धावणे लागते. जामनेर किंवा मलकापूरची एखादी सरळ फेरी त्यास पुरते. ते अर्धवट राहिले की जादा इंधन वंगण तेलात उतरते व तेल पातळ होते. दिव्याकडे दुर्लक्ष झाल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा येतो आणि मग गाळणी फोडून पोकळ करून देणारा कारागीर स्वस्त वाटतो. मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये असा फेरफार करता येत नाही. तथापि धुराची घनता मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीत तो सहसा उघडकीस येत नाही, ही या नियमनातील खरी उणीव होय.

ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे कडक निकष १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले, पण ५० अश्वशक्तींहून मोठ्या ट्रॅक्टरांपुरते. कापसाच्या मोसमात बाजाराच्या आवारात मालाची वाहतूक करणारे ट्रॅक्टर बहुतेक त्याहून लहान असतात. त्यांना गाळणी नसते.