ठाण्याची पायरी

रात्री गोठ्यातला बैल चोरीला गेला, तर सकाळी उठून आपण काय करतो? आधी पोलीस पाटलांच्या दारात जातो, मग ठाण्यावर जाऊन फिर्याद देतो. कधी तिथे ताटकळावे लागते, कधी चार बोलणीही खावी लागतात. पण फिर्याद द्यायची ती तिथेच, याबद्दल मनात शंका नसते. आता अशी कल्पना करा, की गावातल्या एका अख्ख्या आळीने ठरवूनच टाकले आहे : बैल गेला तर गेला, पण ठाण्याची पायरी चढायची नाही, आणि जो चढेल तो आपल्यातला नव्हे. असे गाव कसे चालायचे?

असा एक मुलूख खरोखरच होता. उत्तर आयर्लंड हे त्याचे नाव. तिथल्या लोकांनी आणि दोन सरकारांनी मिळून ही गाठ कशी सोडवत आणली, ती हकीगत आज सांगायची आहे.

ब्रिटनच्या पश्चिमेला आयर्लंडचे बेट आहे. १९२१ साली त्याची फाळणी झाली. फाळणी म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको! दक्षिणेकडचा मोठा भाग पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाला. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. या सहा परगण्यांत बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट होते. त्यांना ब्रिटिश राजमुकुटाशी नाते ठेवायचे होते. कॅथलिक अल्पसंख्य होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना सारे आयर्लंड एक व्हावे असे वाटे. १९२२ मध्ये तिथे जे पोलीस दल उभे राहिले त्याचे नाव होते रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी. नावात राजा, बिल्ल्यावर मुकुट. १९९० नंतरच्या दशकात लोकसंख्येत कॅथलिक सुमारे चाळीस टक्के होते, पण या दलात शंभरांत जेमतेम आठ. म्हणजे एका आळीचे पोलीस आणि दुसऱ्या आळीवर पहारा!

क्षणभर आपल्याकडे पाहू. १८४३ साली चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि तिथे पोलीस दल उभारले, ते आयर्लंडच्याच धर्तीवर. पुढे हाच सिंध कैक वर्षे मुंबई इलाख्यात होता. १८६१ चा हिंदुस्थानचा पोलीस कायदा याच साच्यातून निघाला. लोकांना जबाबदार नव्हे, तर वरच्या सत्तेला जबाबदार, असा तो साचा. म्हणून आयर्लंडची ही गोष्ट दूरची असली तरी अगदीच परकी नाही.

१९६८ च्या सुमारास उत्तर आयर्लंडात कॅथलिक लोक घरे, नोकऱ्या आणि मतदान यांत समान वागणूक मिळावी म्हणून मोर्चे काढू लागले. मोर्च्यांवर लाठ्या चालल्या, दंगे झाले, लष्कर आले. ऑगस्ट १९७१ मध्ये सरकारने खटला न चालवता माणसे स्थानबद्ध करण्यास सुरुवात केली. त्यांतल्या काहींना तासन् तास भिंतीशी ताटकळत उभे केले, डोक्यावर टोप्या चढवल्या, कानांवर सतत कर्कश आवाज सोडला, झोप दिली नाही, अन्नपाणी तोडले. जानेवारी १९७२ मध्ये डेरी शहरात सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि तेरा नागरिक त्याच दिवशी मेले. दुसऱ्या बाजूला आयरिश रिपब्लिकन आर्मीचे बाँब आणि बंदुका होत्या. पोलीस दलाचीच तीनशेंवर माणसे मारली गेली. प्रॉटेस्टंटांच्याही सशस्त्र टोळ्या होत्या, आणि त्यांनी शेकडो निरपराध कॅथलिकांचे जीव घेतले. तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे गेली. मुलूख केवढा? लोकसंख्या अवघी पंधरा-सोळा लाख.

आता राजनीतीकडे वळू. स्थानबद्धांच्या छळाबद्दल आयर्लंडच्या सरकारने ब्रिटनविरुद्ध मानवी हक्कांच्या युरोपीय व्यवस्थेकडे तक्रार नेली. एका शेजारी राष्ट्राने दुसऱ्याला असे कोर्टात खेचणे ही साधी बाब नव्हे. १९७८ मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने निवाडा दिला, की ही वागणूक अमानुष आणि मानहानीची होती. ‘छळ’ हा शब्द मात्र न्यायालयाने लावला नाही.

कोर्टात भांडणारे हेच दोन शेजारी पुढे एका टेबलाशी बसले. नोव्हेंबर १९८५ मध्ये हिल्सबरो येथे ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि आयर्लंडचे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी करारावर सह्या केल्या. दोघांच्या मनात मात्र निरनिराळ्या याद्या होत्या. थॅचरबाईंना हवा होता बंदोबस्त. सुमारे पाचशे किलोमीटरची ती सरहद्द. अलीकडे गोळी झाडावी आणि पलीकडे पसार व्हावे, असे चाललेले. तेव्हा दक्षिणेच्या पोलिसांनी साथ द्यावी ही त्यांची मागणी. फिट्झजेराल्ड म्हणत, आधी कॅथलिकांचा पोलिसांवर आणि न्यायालयांवर विश्वास बसू द्या. त्याविना बंदोबस्त टिकायचा नाही.

श्रोते हो, या दोन याद्या परस्परविरुद्ध वाटतात. पण नीट पाहिले तर त्या एकच आहेत. गुन्हेगार कोण, हत्यार कुठे पुरले, हे गावाला ठाऊक असते. गाव बोलले तर पोलिसांचे काम निम्मे होते. आणि गाव बोलत नसेल, तर हजार बंदुकांचा पहाराही आंधळाच. हक्क म्हणजे बंदोबस्तातली अडचण नव्हे, तो बंदोबस्ताचाच पाया आहे. हे उमगायला त्या मुलखाला फार मोठी किंमत द्यावी लागली.

१० एप्रिल १९९८, गुड फ्रायडेचा दिवस. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली बेलफास्टमध्ये करार झाला. मे महिन्यात उत्तरेत लोकांचा कौल घेतला, तेव्हा शंभरांत एकाहत्तर मते बाजूने पडली. पण पोलिसांचा प्रश्न टेबलावर सुटला नव्हता. तो इतका नाजूक होता, की त्यावर हटून बसले असते तर सगळाच करार मोडला असता. तेव्हा वाटाघाटी करणाऱ्यांनी एक शहाणपणा केला. पोलीस दल कसे असावे याची तत्त्वे करारात लिहिली आणि तपशील एका स्वतंत्र आयोगाकडे सोपवला. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर क्रिस पॅटन हे त्याचे अध्यक्ष.

या आयोगाने काय केले? तो गावोगाव गेला. सभा भरवल्या, आणि दहा हजारांवर लोक त्यांना आले. विधवा आल्या, तुरुंग भोगलेले आले, पोलीसही आले. सप्टेंबर १९९९ मध्ये अहवाल निघाला; त्यात १७५ शिफारशी होत्या. दलाचे नाव बदलावे. शपथ बदलावी, शिपायाने मानवी हक्क जपण्याची आणि सर्वांच्या परंपरांना सारखा मान देण्याची शपथ घ्यावी. पोलिसांना जाब विचारायला एकोणीस जणांचे मंडळ असावे. त्यांतले दहा लोकप्रतिनिधी. नवी भरती काही वर्षे निम्मी कॅथलिकांतून आणि निम्मी इतरांतून व्हावी. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पोलिसांनीच तपासायच्या नाहीत, त्यासाठी निराळा लोकपाल असावा, हेही अहवालाने उचलून धरले. ते कार्यालय २००० साली सुरू झाले.

हे सारे सुखासुखी झाले असे समजू नका. ज्यांचे पती, मुलगे त्या जुन्या गणवेशात मारले गेले, त्यांना नाव बदलणे म्हणजे त्यांच्या मरणाचा अपमान वाटला. त्यांचे दुःख खरे होते. जुन्या दलाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक देऊन त्याचा गौरव करण्यात आला. पण जखम राहिली. निम्म्या भरतीवरही लायक प्रॉटेस्टंट मुलांनी काय करावे, असा रास्त प्रश्न विचारला गेला.

४ नोव्हेंबर २००१ रोजी नवे दल कामाला लागले. नव्या बिल्ल्यावर मुकुटही होता आणि आयरिश वीणाही, न्यायाचा तराजू आणि ऑलिव्हची पानेही. त्याच महिन्यात गेलिक खेळांच्या मोठ्या संस्थेने पोलिसांना सभासद न करण्याचा आपला जुना नियम रद्द केला. कॅथलिकांमधल्या कडव्या शिन फेन पक्षाने जानेवारी २००७ मध्ये या दलाला मान्यता दिली. २०११ साली निम्म्या भरतीची मुदत संपली, तेव्हा दलातले कॅथलिक शंभरांत आठांवरून सुमारे तिसांपर्यंत पोचले होते.

त्याच २०११ च्या एप्रिलमध्ये ओमा गावी एका तरुण कॅथलिक शिपायाच्या मोटारीखाली बाँब ठेवून त्याला ठार करण्यात आले. मारणारे जुन्या वैराचे वारस होते. कॅथलिक मुलांनी पोलिसात जाऊ नये हाच त्यांचा डाव. अंत्ययात्रेत एका बाजूने त्याच्या खेळाच्या क्लबातले गडी आणि दुसऱ्या बाजूने पोलीस उभे राहिले, आणि शवपेटी एकांच्या खांद्यावरून दुसऱ्यांच्या खांद्यावर गेली. दहा वर्षांपूर्वी नियमानेच हे शक्य नव्हते. त्याच्या आईने तर जाहीरपणे सांगितले, की कॅथलिक तरुणांनी भिऊन मागे हटू नये.

काम पुरे झाले का? नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलिसांच्याच चुकीने सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची नावे बाहेर फुटली, आणि कित्येक घरांत पुन्हा भीती शिरली. जुन्या खुनांच्या तपासाबद्दल ब्रिटनने त्याच वर्षी केलेला कायदा आयर्लंडला पटला नाही, आणि ते सरकार पुन्हा स्ट्रासबुर्गच्या दारात गेले. पण भांडण कोर्टात गेले, रस्त्यावर नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहासाच्या तासाला तहांची यादी मुले पाठ करतात. त्यांना एवढेच विचारून पाहा : तहावर सह्या झाल्या, पुढे काय? त्या मुलखातल्या सर्वांत दुबळ्या आळीतली बाई रात्री-अपरात्री ठाण्याची पायरी चढू शकते का? तिची फिर्याद लिहून घेतली जाते का? आणि हाच प्रश्न मग आपल्याही गावाबद्दल विचारावा. उत्तर शोधायला फार लांब जायला नको.