मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी

रोग्याला मोठ्या इस्पितळातील तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही, हे त्याचा नेहमीचा डॉक्टर ठरवतो. ताप किती दिवसांचा, दम लागतो का, नाडी कशी चालते, दिलेल्या औषधाने गुण येतो का, यावरून तो निर्णय घेतो असे वैद्यकशास्त्र सांगते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. लक्षणे समजण्यासाठी रोग्याला तपासावे लागते आणि तपासण्यासाठी त्याला हात लावावा लागतो. ज्या समाजाने माणसाचा स्पर्शच विटाळ ठरवला, त्या समाजातील या चिठ्ठीचा इतिहास केवळ वैद्यकाच्या पुस्तकातून कळणार नाही. तो गावकुसाबाहेरूनही वाचावा लागेल.

मुंबईत जे. जे. इस्पितळ आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला. मांग-महारांच्या बायका डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, ही वेदना तिने त्यात मांडली. म्हणजे आधुनिक वैद्यक या भूमीवर आले होते; पण बाळंतिणीला तेथवर पोहोचवणारी वाट समाजाने बांधली नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील रोगी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वस्तीतून दवाखान्यापर्यंतचे अंतर तेव्हा कोणाच्या तरी पाठीवरच पार होत होते.

या अंतराचे सर्वात भेदक चित्र १९२९ चे आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाने लिहिलेले पत्र त्या वर्षीच्या १२ डिसेंबरच्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांनी ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. अस्पृश्यांच्या वस्तीत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाला. गावातील प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा कुठे तो आला. तेही रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते शिक्षकाला दिले, शिक्षकाने पत्नीला लावले आणि त्याच क्रमाने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले. ती स्त्री वाचली नाही.

हा डॉक्टर अडाणी नव्हता. छाती तपासल्याशिवाय फुप्फुसाची अवस्था कळत नाही, हे त्याला ठाऊक असणारच. पण ज्याला हात लावायचा नाही त्याचा आजार आपल्या आवाक्यातला आहे की तज्ज्ञाच्या, हे ठरणार तरी कसे? निर्णय चुकण्याआधी निर्णयाचा पायाच नाकारला गेला होता.

चिठ्ठीची पद्धत आपल्याकडे विलायतेतून आली. तिचा उगमही केवळ शास्त्रात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील सामान्य डॉक्टरांची तक्रार होती की, इस्पितळांचे बाह्यरुग्ण विभाग आपले रोगी फुकट तपासून पळवतात. या भांडणातून, सामान्य डॉक्टरच्या पत्रानेच तज्ज्ञाकडे जावे, हा संकेत रुजला. १९४८ च्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने तो साऱ्या देशाला लागू केला. तिथे उपचाराचे पैसे पडत नव्हते, तरी विषमता संपली नाही. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ साली दाखवून दिले की, जिथे गरज जास्त, तिथेच चांगली सेवा कमी मिळते.

आपल्याकडे भोर समितीने १९४६ च्या अहवालात दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे इस्पितळ, त्यावर ६५० खाटांचे आणि जिल्ह्याला २,५०० खाटांचे, अशी पायऱ्यांची रचना सुचवली होती. खालच्या पायरीवर न झेपणारा रोगी वरच्या पायरीवर जावा, ही कल्पना न्यायाची होती. पण खालची पायरी कच्चीच राहिली. कच्च्या पायरीवर उभा असलेला डॉक्टर दोन तऱ्हेने अन्याय करतो.

एक, तो रोग्याला अडकवून ठेवतो. रोग्याचे कपडे, भाषा, मजुरी पाहून ‘हा तिथे जाऊन काय करणार?’ असे तो मनाशी ठरवतो आणि सलाईन लावतो. कधी यात दयाही असते. बुडणारा रोज त्याला दिसतो. पण रोग्याच्या वतीने त्याची गरिबी मोजण्याचा अधिकार डॉक्टरला कोणी दिला? दोन, तो रोग्याला टोलवतो. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, असे म्हणत अडलेली बाई आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून सिव्हिलला धाडली जाते. शहरात यात ‘कट’ची भर पडते. पाठवणुकीचे कमिशन घेण्यास २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी बंदी घातली. तरीही २०१७ साली महाराष्ट्र सरकारला कट प्रॅक्टिसविरुद्ध वेगळ्या कायद्याचा मसुदा करावा लागला, यावरून रोग किती मुरला होता हे कळते.

वस्तीतील माणसे अशी चिठ्ठी घेऊन कॉलेजात शिकलेल्या माणसाकडे येतात, कारण ती इंग्रजीत असते. तिच्यात बहुधा एकच ओळ सापडते: ‘रेफर्ड टु हायर सेंटर’. का, किती तातडीने, काय उपचार दिले, यातले काही नसते. ज्याच्या जिवाचा निर्णय झाला, त्यालाच त्याचे कारण कळत नाही. शास्त्र मूठभरांच्या भाषेत बंद ठेवण्याची ही जुनीच रीत आहे.

१९९२ साली पश्चिम बंगालमध्ये गाडीतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठवले. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला की, सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे. म्हणजे चिठ्ठी ही डॉक्टरची मेहेरबानी राहिलेली नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. रोग्याला हात लावून तपासल्याची नोंद चिठ्ठीवर असावी. पाठवण्याचे कारण आणि वेळ मराठीत लिहावी. पुढे खाट आहे का, हे पाठवणाऱ्याने आधी विचारावे, आणि तज्ज्ञाचे उत्तर परत त्याच डॉक्टरकडे यावे. न पाठवण्याचा निर्णय असेल, तर त्याचेही कारण रोग्याला सांगावे. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क बजावला. दवाखान्याच्या दारातही कारण विचारण्याचा हक्क तितक्याच ठामपणे बजावावा लागेल.