पुरातले रान आणि भीमेचे मासे

शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज फौजेच्या छावणीचे गाव होते. मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलेला लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स या मुलखात हिंडला आणि पिकापाण्याबरोबर त्याने नद्यांतले मासेही तपासले. त्यांची वर्णने १८३९ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. त्यातला ‘मुसुल्ला’ शिरूरजवळच्या घोड नदीतला, तर एक चपटा ‘रोहटी’ दौंड तालुक्यासमोरच्या, भीमेकाठच्या पेडगावचा. खुद्री, कोलस, नुकटा ही मराठी नावे साइक्सने शास्त्रीय नावांतही कायम ठेवली.

हे मासे नदीइतकेच काठावर जगत.

शिरूर-दौंडला पाऊस बेताचा, पण पूर येई तो भीमाशंकर-आहुपेच्या घाटमाथ्यावरचा. फुगलेले पाणी बाभळीच्या बनात, करंज-उंबर-जांभळाच्या मुळांत आणि ओढ्यांच्या तोंडांत शिरे. कुजका पाला, किडे, गळलेली फळे असा आयता चारा माशांना मिळे. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध निघत. कित्येक जाती काठच्या उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालत आणि मुळांच्या जाळीत पिल्ले मोठ्या माशांपासून लपत.

अ‍ॅमेझॉनकाठी हेच काम अफाट प्रमाणावर चालते. तिथले रान महिनोन्‌महिने पाण्यात असते आणि तांबाकी नावाचा मासा रबराच्या झाडाच्या बिया फोडून खातो. मायकेल गुल्डिंग यांनी मासे आणि जंगलाच्या या नात्यावर १९८० मध्ये पुस्तक लिहिले.

त्याच वर्षी उजनी धरण पूर्ण झाले. दौंड तालुक्यातल्या खानोटा-राजेगावपर्यंत भीमेचे वाहते पाणी साचले आणि तिथे बाहेरून आलेली चिलापी माजली. वरच्या अंगाला चासकमान, डिंभे आणि चिंचणीच्या घोड धरणाने पावसाळी पाणी अडवले. त्या पाण्याने शेते भिजली, हे खरेच. पण ऊस थेट नदीच्या कडेपर्यंत आला, वाळू उपसली गेली आणि उरल्या काठावर वेडी बाभूळ पसरली. पुराला शिरायला रानच उरले नाही.

दर हंगामात तलावांत मत्स्यबीज सोडले जाते. नदीच्या मूळच्या माशांना मात्र काठ हवा आहे. भीमा आणि घोड नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी करंज, उंबर, जांभळाचा पट्टा पुन्हा उभा करावा, ओढ्यांची तोंडे मोकळी ठेवावीत आणि मच्छीमार संस्थांनी चढणीच्या दिवसांत तिथे जाळी लावू नयेत.