मुठीमुठीने उभे राहिलेले विद्यामंदिर

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी, रयतेच्या मुलांसाठी विद्यामंदिरे उभारणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एकाच पंगतीस बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

हा संसार चालला कशावर? धनिकांचे साहाय्य होतेच; पण खेड्यापाड्यांतील आयाबहिणींनी बाजूस काढलेले मूठमूठ धान्यही होते. त्यासच मुष्टिफंड म्हणत. मुलांच्या जेवणाची पंचाईत पडली, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. कर्मवीरांचे देहावसान ९ मे १९५९ रोजी झाले.

आपल्या मंदिरासही कोणी मोठी रक्कम दिली, कोणी पायलीभर जोंधळा, तर कोणी नुसते श्रम. कर्मवीरांनी मुठीला कधी कमी लेखले नाही. आपणही लेखू नये. मात्र कळस चढला म्हणून ही मूठ मिटू नये. ती आता गावच्या शाळेकडे वळावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.